काटा आत, घड्याळ बाहेर

सरांनी काट्याची गोष्ट सगळ्या धाराशिवला सांगितली. घड्याळाची एकालाही सांगितली नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, पण ती तिळभरही कमी झालेली नाही. परवा स्टँडसमोरच्या हॉटेलात एक अनोळखी माणूस माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "काटा आत घालणारे मालक ते तुम्हीच का?" मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

सर माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे माकणीचे, शेतकऱ्याच्या घरातले. तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर. मनगटावर घड्याळ मात्र त्यांनी कधी बांधलं नाही. वेळ हवी असली की जिन्यावरून खाली वाकायचे आणि ओरडायचे, "किती वाजले, मालक?" मी सांगायचो. ते "अरे वा!" म्हणायचे आणि परत वर जायचे. दहा वाजले असोत की दोन, अरे वा ठरलेलं. त्या वेळेचं ते पुढं काय करायचे हे मला कधी कळलं नाही, कारण कुठंही ते वेळेवर पोचलेले मी पाहिले नाहीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, "आमच्या लग्नात अंतरपाट धरून भटजींचे हात दुखले, तेव्हा हे मांडवामागं जनरेटरवाल्याशी बोलत उभे होते."

त्यांच्या घरात गेलं की बसायला काही नसायचं. खुर्च्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या. पाहुणा आला की सर एक खुर्ची उतरवायचे, पाहुणा उठला की पुसून परत टांगायचे. जमिनीवर फक्त पलंग, पाण्याचा माठ आणि त्यांचं टेबल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, "सर, खुर्च्या खाली का नाही ठेवत?"

"सकाळी उठल्यावर मला खुर्ची लागते का?"

"नाही."

"पाणी लागतं. म्हणून माठ खाली. उठल्या उठल्या लागतं ते आत, नंतर लागतं ते बाहेर. बसा."

हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी लिनक्समधून, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका प्रणालीतून, उचललं होतं. ते काय आहे हे मला त्यांनीच शिकवलं, आणि मी फार शिकलेला माणूस नाही, तेव्हा मला कळलं तसं सांगतो. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी कर्नेल उठतो. तो घरचा कर्ता. पण या कर्त्याला बाहेरच्या वस्तूंची भाषा येत नाही. प्रिंटर वेगळं बोलतो, वजनकाटा वेगळं. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा ठेवायच्या दोन जागा. एक तर कर्नेलमध्येच शिवून टाकायचा. मग तो कर्त्याबरोबर उठतो आणि कर्ता झोपेपर्यंत हलत नाही. नाहीतर त्याची वेगळी फाइल करून बाजूला ठेवायची, काम पडलं की बोलवायचं, काम झालं की घालवायचं. कर्नेल तयार करताना पडद्यावर सगळ्या ड्रायव्हरांची लांबच लांब यादी येते. आत शिवायचा असेल तर त्याच्यापुढं चांदणी उमटवायची, बाहेर ठेवायचा असेल तर एम.

सर सगळ्या जगाकडं या यादीसारखं बघायचे. काकूंनी पोहे दिले की म्हणायचे, "मीठ चांदणी, शेव एम." मीठ आधीच पडलेलं हवं, शेव वरून. एकदा त्यांचे व्याही आठ दिवस मुक्कामाला राहिले. सर रोज सकाळी जिन्यात येऊन मला हळूच सांगायचे, "एम म्हणून आलेत, चांदणी झालेत."

आता माझं. माझे वडील जनावरांच्या बाजारात हेडी होते, म्हणजे बैलांच्या सौद्यातले दलाल. मीही मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या बाजारात उभा राहिलो. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात टॉवेलखाली जातात आणि बोटं धरून भाव ठरतो. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही, आणि आतलं बाहेर सांगायचं नाही हा नियम. पुढं मी तो धंदा सोडला. वजनकाटे दुरुस्त करायला शिकलो, मग विकायला लागलो, आणि एक दिवस ठरवलं की दूध केंद्रासाठी आपली स्वतःची पेटी करायची. काटा, फॅट मोजायचं मशीन आणि पावतीचा प्रिंटर, सगळं एका छोट्या कॉम्प्युटरला जोडलेलं. बाईनं कॅन ठेवला की वजन, फॅट, पावती. शहरातली एक कंपनी असली मशीन विकत होतीच. मला ती आपल्या जिल्ह्यात आपल्या हातची विकायची होती. पेटीचं पोट मी भरलं, डोकं सरांनी.

डोकं भरताना भांडण झालं.

माझं म्हणणं साधं होतं. सगळं आत घाला. बाजारात बैल घेताना जो म्हणतो "कासरा मागून देतो" त्याचा कासरा कधी येत नाही. माल म्हणजे एकदम सगळा, जागेवर. सर म्हणाले, असं नाही. ज्या कार्डावर सगळ्या फाइली आहेत त्या कार्डाचा दुभाषा आत हवा, कारण तो बाहेर ठेवला तर तो त्याच कार्डावर पडून राहणार आणि त्याला आणायला कुणीच नसणार. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावल्यासारखं. हे मला पटलं. ती एक चांदणी बिनभांडणाची झाली. पुढं मात्र मी एकेक वस्तूवर घासाघीस केली.

"प्रिंटर?"

"एम."

"अहो सर, पावती हातात पडल्याशिवाय बाई कॅन उचलत नाही."

"नको उचलू दे. मशीन तर उठलेलं असतं ना?"

"फॅटचं मशीन?"

"एम."

"काटा?"

"एम."

माझं डोकं फिरलं. "काटा बाहेर? दूध केंद्रातून काटा बाहेर ठेवता? देवळातून देव काढून पायरीवर ठेवा मग!"

"मालक, वस्तू अडकतात. दुभाषा बाहेरचा असला की त्याला एकट्याला काढून परत बसवता येतं. आत शिवला की तो अडकला म्हणजे अख्खं मशीन झोपवून उठवावं लागतं."

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ताडकन निघालो. बाजारात गिऱ्हाईक असं निघालं की विकणारा दहा पावलांच्या आत हाक मारतो. मी जिना उतरलो, रस्ता ओलांडला, पानटपरीवर जाऊन उभा राहिलो. हाक नाही. शेवटी माझा मीच परत वर गेलो. सर पडद्यावर डोळे लावून बसले होते. हाक मारायची असते हेच त्या माणसाला माहीत नव्हतं. "किती वाजले, मालक?" म्हणाले. मी सांगितलं. "अरे वा!"

मग त्यांनीच एक तोड काढली. "काट्याला चांदणी देतो. बदल्यात घड्याळ एम."

गावात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, म्हणून पेटीत बटणाएवढ्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. पेटी उठली की त्याला वेळ विचारते. त्यालाही दुभाषा लागतो.

"घड्याळ बाहेर कशासाठी?" मी विचारलं.

"तुम्ही दर खेपेला स्वस्त मिळेल ते वेगळंच घड्याळ आणता. प्रत्येकाचा दुभाषा वेगळा. शिवाय उठल्या उठल्या वेळ कळायची एवढी घाई कुणाला असते?"

मनगटावर घड्याळ नसलेल्या माणसाचं हे बोलणं. मी मनात म्हटलं, काटा मिळतोय, घड्याळ जातंय, सौदा आपल्या बाजूनं आहे. "पक्कं," म्हणालो. खाली येऊन दुकानातल्या फळ्यावर सौद्याच्या दोन्ही बाबी मी लिहून टाकल्या. एक नंबरला घड्याळ, दोन नंबरला काटा. एकापुढं एम, दोनापुढं चांदणी.

पहिली पेटी लावायची होती बेंबळीच्या वाटेवरच्या एका गावात. बायकांची दूध संस्था. चेअरमनबाई कडक. त्यांनी सांगितलं होतं, आठवडाभरात त्यांना मशीन ठरवायचं आहे, माझं किंवा कंपनीचं. त्यांनी माझं घेतलं की आजूबाजूची गावं घेणार होती, हे मला माहीत होतं. आणि नाही घेतलं तर मला परत बाजारात टॉवेल घेऊन उभं राहावं लागणार होतं, हेही माहीत होतं.

सर पहिल्या जीपनं येतो म्हणाले होते. अर्थातच आले नाहीत. मी एकट्यानं पेटी लावली. बायका कॅन, किटल्या घेऊन रांगेत. पहिल्या काही पावत्या सुरेख निघाल्या. मी मनात हार घालून घेत होतो, तेवढ्यात शेजारच्या गोठ्यात कुणीतरी कडबाकुट्टीची मोटर चालू केली. दिवे थरथरले आणि काट्याचा आकडा होता तिथंच गोठला.

मला आधी कळलंच नाही. एका बाईची किटली होती, तिला बारा लिटरची पावती निघाली. ती पावती कमरेला खोचून झपाझप चालू लागली. तिच्यामागच्या बाईचा भला मोठा कॅन होता. तिलाही बारा.

"ओ काटेवाले! माजं वीस लिटर हाय. आन् तिच्या किटलीला बी बारा, मला बी बारा? म्हैस माजी न्हाय व्हय?"

काट्याची वायर ज्या चिपला जाते ती मी पेटीच्या आत पक्की बसवून, कुणी ओढू नये म्हणून वर सील मारलेलं. आणि दुभाषा आत शिवलेला. एकट्याला हलवायची सोय नव्हती. मी पेटी बंद करून परत चालू केली. पटकन उठली, ते श्रेय सरांचं, देऊन टाकतो. काटा चालू झाला. वजन बरोबर, फॅट बरोबर, पावती निघाली. मी सुस्कारा सोडला. चेअरमनबाईंनी पावती हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली.

"एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर. पहाटे साडेपाच."

या कॉम्प्युटरांना वेळ ठाऊक नसली की ते तिथून मोजायला लागतात. सकाळी पहिला कॅन येईपर्यंत पेटी बराच वेळ चालू होती. आता ती उठल्याबरोबर पावतीसाठी दुधाच्या प्रोग्रामनं तारीख विचारली, आणि घड्याळाचा दुभाषा अजून बाहेरून यायचा होता. तो येईपर्यंत थांबायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

जिचं दूध होतं ती म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं बया! तवा तर माजं लगीन बी झालं नव्हतं. मग ही म्हस कुनाची म्हनायची?"

सगळी रांग हसायला लागली. आणि नेमक्या त्याच वेळी पिशवी सावरत, धुळीनं माखलेले सर दारात उभे राहिले.

"किती वाजले, मालक?"

"साडेपाच, सर," चेअरमनबाई म्हणाल्या. "सन सत्तर."

"अरे वा!" सर म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनीही मला सोडलं नाही. "काटा आत कुणी घातला?" "घड्याळ बाहेर कुणी ठेवलं?" "काटा अडकलाच नसता तर मशीन झोपवलं असतं का?" "झोपवलं तर झोपवलं, उठल्यावर वेळ नको का सांगायला?" बायका कॅन खाली ठेवून ऐकत होत्या. शेवटी चेअरमनबाईंनी हात वर केला.

"कुनाचं चुकलं ते मला नको. सांजच्या दुधाला मशीन नीट चाललं तर तुमचं घेते. न्हाय चाललं तर कंपनीवाल्याला फोन लावते. तवर त्या ओट्यावर बसून भांडा."

आम्ही ओट्यावर बसलो. सरांनी मांडीवर लॅपटॉप उघडला, पण बोटं हलेनात. काय करायचं हे दोघांनाही माहीत होतं. काटा बाहेर काढायचा, घड्याळ आत घ्यायचं. पण "काटा बाहेर काढा" हे मी म्हणालो तर चूक माझी ठरते, आणि "घड्याळ आत घेतो" हे ते म्हणाले तर त्यांची. समोर अर्धं गाव बसलेलं. ऊन चढत होतं. कर्नेल परत तयार व्हायला वेळ लागतो, आणि संध्याकाळ काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "सर, याला आमच्यात..."

"मी माकणीचा आहे," सर म्हणाले. "मला टॉवेल शिकवू नका."

आणि त्यांनी माझी दोन बोटं धरली. फळ्यावरचा दोन नंबर, काटा. मी त्यांचं एक बोट धरलं. एक नंबर, घड्याळ. त्यांनी माझी दोन बोटं अजून जोरात दाबली. मी त्यांचं एक बोट पिरगाळलं. ते "आई गं" म्हणाले. समोरचा एक म्हातारा बाजारात मुरलेला असावा. तो डोळे बारीक करून शेजारणीला म्हणाला, "भाव अडलाय." मग सरांनी पकड सैल केली, मीही केली, आणि दोघांनी एकदमच एकमेकांचा पंजा धरला, म्हणजे दोन्ही बदलायचं. एकास एक. आधी कोण वाकलं हे आमच्या दोघांनाही माहीत नाही. टॉवेलाचं तेच चांगलं असतं.

मी टॉवेल झटकला. सरांची बोटं लॅपटॉपवर पळू लागली. काट्यापुढची चांदणी गेली, एम आला. घड्याळापुढचा एम गेला, चांदणी आली. मधे एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वाजले?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी सांगितलेली वेळ ऐकून अरे वा म्हणाले नाहीत. बोटं आणखी भरभर चालवली.

संध्याकाळी रांग सकाळच्या दुप्पट होती. ज्यांची म्हैस आटलेली होती तेही बघायला आलेले. चेअरमनबाईंनी स्वतः जाऊन शेजारची कडबाकुट्टी चालू करायला लावली. अशी बाई. दिवे थरथरले, आकडा गोठला. सरांनी कळफलकावर एक ओळ मारली, दुभाषा बाहेर. दुसरी मारली, दुभाषा आत. म्हातारीचा कॅन काट्यावरून हलायच्या आधी आकडा जिवंत झाला. प्रिंटर करकरला. चेअरमनबाईंनी पावती वाचली. तारीख आजची. वेळ आत्ताची.

म्हातारीचं तोंड जरा उतरलं. "आज बरुबर हाय व्हय? मला वाटलं आनिक येकदा बिनलग्नाची व्हते."

चेअरमनबाईंनी पेटी ठेवून घेतली. मग आजूबाजूची गावं, मग पार परंड्याकडून बोलावणी. पेटी आता खूप ठिकाणी आहे, कुठं कुठं आहे ते सांगून स्पर्धकांना वाट दाखवणार नाही. मी सरांना म्हणालो, भागीदार व्हा. दुकानाच्या पाटीवर तुमचं नाव घालू. ते खिळ्यावरून माझ्यासाठी खुर्ची उतरवत होते.

"मला चांदणी नका देऊ, मालक. मी एम बरा. हाक मारा, येईन. अडकलो तर एकट्याला काढता येईल, तुमचं मशीन झोपवायला नको."

मी रागावलो. तासभर घासाघीस केली. निघूनही गेलो, पानटपरीपर्यंत. यावेळी मात्र वरून हाक आली. धावत परत आलो, तर विचारत होते, किती वाजले.

पुढं लेकीनं त्यांना हैदराबादला बोलावलं. तोवर काट्याची गोष्ट त्यांनी गावभर करून ठेवली होती. माजी विद्यार्थ्यांना, दूधवाल्यांना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं. "आमच्या मालकांनी काटा आत घातला!" लोक पोट धरून हसायचे. काटा कुणाचा आणि घड्याळ कुणाचं, हे टॉवेलखाली मिटलं होतं. त्यातलं निम्मं त्यांनी बाहेर काढलं, माझं निम्मं. काटा आत घालण्यात माझं काय चुकलं, हे मला तर अजून पटलेलं नाही. ती मोटर चालू झाली नसती तर?

जायच्या दिवशी मी त्यांना गाडीची वेळ एक तास आधीची सांगितली, त्यामुळं ते बरोबर वेळेवर आले. काकू खिडकीशी जाऊन बसल्या. सर खालीच उभे. मी म्हणालो, "सर, जाताना एकदा तरी घड्याळाचं कबूल करा." त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि माझं एक बोट धरलं. एकच. बराच वेळ दाबून धरलं. मग टॉवेल परत माझ्या खांद्यावर टाकला आणि पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "किती वाजले, मालक?"

मी सांगितलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून "अरे वा" चालू होतं.

म्हणजे माणसानं कबूल केलं, पण अशा जागी केलं की मला कुणाला सांगता येऊ नये. याला म्हणतात सौदा. बाजारात वाढलेला मी, आणि माझ्याच टॉवेलात मला गुंडाळून गेला हा मास्तर. इतकी वर्षं मी नियम पाळला. पण टॉवेलखालचं काट्याचं त्यांनी बाहेर काढलं होतं, घड्याळाचं आज मी काढलं. एकास एक. आता हॉटेलात कुणी हसलं तर मी चहा पूर्ण पिऊन उठणार आहे.